नदी गोठेपर्यंत

रामकिसन खरातनं जन्मात केलेली सगळ्यांत मोठी चूक मोबाइलच्या काचेवर केली; तीही पडेगावात, फारूखच्या टायरच्या दुकानात, दिवसाढवळ्या, चार लोकांदेखत.

फारूखनं मोबाइलवर रशियाचा नकाशा उघडला आणि दोन बोटांच्या चिमटीत धरून तो देश इतका बारका केला, की सबंध काचेत मावला.

"ये देखो रामकिसनभाऊ, हे आपल्या रय्यानचं कझान. और ये रहा तुमच्या आकाशचं याकुत्स्क."

रामकिसननं मध्ये अंगठा टेकवून पाहिला. दोन अंगठेसुद्धा भरेनात.

"देश एकच ना?"

"बिलकुल एक. एक झेंडा, एक व्हिसा."

"मग झालं की," म्हणत रामकिसननं गोळ्यांचं पाकीट रय्यानच्या हातात ठेवलं.

रय्यान फारूखचा मुलगा. कझानला डॉक्टरकी शिकत होता आणि सुट्टी संपवून परत निघाला होता. "चाचा, लेकिन ते लई लांब..." असं त्यानं सुरू केलं होतं. पण ज्या माणसानं उभी हयात एसटी चालवली, त्याला लांब म्हणजे काय ते कालच्या पोरानं सांगावं, हे दुकानात कुणालाच रुचलं नाही. रय्याननं पाकीट बॅगेत टाकलं.

रामकिसनचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. आपल्याकडं ड्रायव्हरच्या हाती पार्सल द्यायची रीतच आहे. म्हातारीचा चष्मा, पोरीचं विसरलेलं हॉल तिकीट, कुणाची बीपीची गोळी, एकदा तर पाय बांधलेला जिवंत कोंबडा, असलं सगळं रामकिसनच्या सीटमागून गेलेलं. सिल्लोडच्या स्टँडवर दुसऱ्या ड्रायव्हरकडं द्यायचं, त्यानं सोयगावच्या फाट्यावर तिसऱ्याकडं, आणि संध्याकाळी वस्तू घरात. एकही वस्तू कधी गहाळ झाली नाही. कोंबड्यानं शर्ट खराब केला, पण तोही पोचला.

गोळ्या आकडीच्या होत्या. आकाशला लहानपणापासून फिट यायची. रोजची गोळी चालू असली की वर्षानुवर्षं काही व्हायचं नाही. बांधकामावर सळ्या बांधायच्या कामासाठी त्याला रशियात नेलं, तेव्हा त्यानं ठेकेदाराला हे सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर नेलंच नसतं. सोबतच्या गोळ्या दिवाळीपर्यंत पुरणार होत्या. कुरिअरवाल्यानं औषध म्हटल्यावर हात वर केले होते.

"आवो, आधी आकाशला तरी इचारा," त्याची बायको लीलाबाई म्हणाली होती.

"त्याला काय इचारायचं? औषध त्याचं, पण रस्ता माझा हाये."

कझानला पोचल्यावर रय्यानचा फोन आला.

"चाचा, मी सकाळी चहा पितो तेव्हा आकाशभाईची दुपारची जेवणं झालेली असतात. मुल्क एकच आहे, दिवस एक नाय."

रामकिसननं सवयीप्रमाणं हिशेब केला. आपल्या स्टँडवरून नागपूरच्या पंधरा-सोळा खेपा, एकापुढं एक जोडून, आणि तरी देश संपत नाही. पुढं समुद्रापर्यंत आणखी उरतोच. मधे डोंगर, मग जंगल, मग जंगलच. गाव यावं, कुणी हात दाखवावा, गाडी थांबवावी, असं काही नाही. नकाशात ती जागा हिरवी दिसत होती. हिरवं म्हणजे वस्ती, असं त्याला वाटलं होतं.

कझानच्या पोस्टानं औषधासाठी तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी मागितली. विमानानं जाणारं ओळखीचं कुणी निघेना. महिनाभर शोधल्यावर रय्यानला मजुरांची एक टोळी सापडली. तिकडंच निघालेली, रेल्वेनं. त्यातल्या सत्यम नावाच्या पोराकडं त्यानं पाकीट दिलं. रामकिसनला हे ऐकून बरं वाटलं. दुसऱ्या ड्रायव्हरकडं गेलं म्हणजे निम्मं काम झालं.

टोळी आठवडाभर रेल्वेत बसून राहिली आणि रूळ संपले तिथं उतरली. समोर लेना नदी. नदीपलीकडं याकुत्स्क. मधे पूल नाही.

"पूल नाय?" रामकिसन फोनवर ओरडला. "एवढा मोठा देश आन् पूल नाय?"

"पप्पा, नदी आपल्या जायकवाडीच्या पाण्यासारखी पसरलीय," आकाश सांगत होता. "उन्हाळ्यात बोटी चालतात, हिवाळ्यात बर्फावरून ट्रक. आत्ता मधला टाइम आहे. बर्फाचे तुकडे वाहायलेत. बोट चालत नाय, बर्फ धरत नाय."

सत्यमच्या टोळीला अलीकडच्याच काठाला कामाला जुंपलं. पाकीट या काठाला, आकाश त्या काठाला. रात्री धुकं नसलं, की दोघांना समोरच्या काठावरचे दिवे दिसायचे म्हणे.

आकाश गोळी अर्धी करून घ्यायला लागला. मग एक दिवसाआड. एकदा म्हणाला, "पप्पा, मी सरळ इथल्या डॉक्टरला सांगू का? ठेकेदाराला कळंल, पण..."

लीलाबाई बाजूलाच पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं.

रामकिसन म्हणाला, "येड्यावानी करू नको. नोकरी जाईल. नदी गोठली की पाकीट तुझ्या हातात. माझ्या हातनं आजवर काही ऱ्हायलंय का?"

"नाय."

"मग?"

इथंच काय ते ठरलं. बाकी सगळं थंडीनं केलं.

त्या दिवसांत रामकिसन देवाला नाही, पण थंडीला हात जोडत होता. गारखेड्यातल्या बहिणीकडं गेला तरी मोबाइलवर याकुत्स्कचा पारा बघत बसायचा. उणे वीस. उणे अठ्ठावीस. "पडू दे अजून," म्हणायचा. बहिणीला वाटलं, भावाचं डोकं फिरलं. पोराच्या अंगावर थंडी मागणारा बाप तिनं कधी पाहिला नव्हता.

थंडी पडली. नदीवर बर्फ धरायला लागला. आणि ट्रकचा रस्ता खुला व्हायच्या आधी आकाशला फिट आली. सळईची तार आवळायला त्यानं उजव्या हाताचा मोजा काढला होता. इमारतीच्या मागच्या बाजूला, खांबांच्या मधे तो पडला. तिथं घरं खांबांवरच उभी करतात. खालची माती बारमाही गोठलेली, तिला घराची ऊब लागली तर घर खचतं. त्या खांबांमध्ये कोण बघतंय? वाळू घेऊन आलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरनं बघितलं. अफानासी त्याचं नाव. त्यानं आकाशला केबिनमध्ये घातलं, हीटरसमोर धरलं, दवाखान्यात नेलं. जीव वाचला. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

दवाखान्यातून व्हिडिओ कॉल आला तेव्हा अफानासी खाटेशेजारी बसला होता. रुंद गाल, बारीक डोळे.

"आगं बाई," लीलाबाई डोळे पुसत म्हणाली, "हे तर आपल्या बुद्धलेणीवर बाहेरदेशचे भंते येतात तसे दिसत्यात. मला वाटलं, रशियावाले सगळे गोरेच." आणि स्क्रीनला हात जोडून म्हणाली, "जय भीम, दादा."

अफानासीनं काय समजायचं ते समजून मान लववली. मोबाइलमध्ये काहीतरी बोलला. मोबाइलनं त्याचं हिंदी केलं आणि आकाशनं मराठी.

"पप्पा, तो इचारतोय, तुम्हीपण ड्रायव्हर ना? त्याला तुमचा गाडीसोबतचा फोटो पाहिजे. बाकी काही घेत नाय म्हणतो."

"सांग त्याला, पाठवतो."

रामकिसननं बँडेजकडं बघितलं नाही. गोळ्यांचं पाकीट आठवड्यानं बर्फावरून पोचलं. सत्यमनं ते उघडलंसुद्धा नव्हतं.

ठेकेदारानं आकाशला परत धाडून दिलं. आता तो फारूखच्या दुकानात बसतो, डाव्या हातानं हवा भरतो. रय्यान फोनवर रडला, तेव्हा फारूखनं त्याला गप्प केलं. फारूख आणि रामकिसन एकमेकांशी हवापाण्याचं बोलतात. दुकानात कुणी नकाशा उघडत नाही.

अफानासीनं आपला फोटो पाठवलाय: पांढऱ्या नदीच्या मधोमध ट्रक, बाजूला तो, पापण्यांवर बर्फ.

"पाठवला का वो त्यांना तुमचा?" लीलाबाई मधूनमधून विचारते.

"पाठवतो की."

एसटीसोबतचा रामकिसनचा एकच फोटो आहे. त्यात तो खाली, दाराशी उभा आहे, आणि चार वर्षांचा आकाश ड्रायव्हरच्या सीटवर, दोन्ही हातांची बोटं पसरून स्टिअरिंगवर ठेवलेली. रामकिसन पेटीतून फोटो बाहेर काढतो, मोबाइल त्याच्यावर धरतो, जरा वेळ तसाच धरून ठेवतो आणि फोटो पुन्हा पेटीत टाकतो.

"उजेड कमी हाये," म्हणतो. "उद्या पाठवू."