ब्रेक होजची बॅच आणि बंद इंडेक्स

"सगळे इंडेक्स उघड. आत्ता," माझे मॅनेजर बाबर सर म्हणाले.

चाकणच्या आमच्या स्पेअर पार्टच्या वेअरहाउसमध्ये ब्रेक होजची एक बॅच सदोष निघाली होती. होज म्हणजे ब्रेकचं ऑइल नेणारी नळी. ती फुटली तर ब्रेक लागत नाही. क्वालिटीच्या देशमुख मॅडमना त्या बॅचचे बॉक्स कुठल्या रॅकवर आहेत, एवढंच हवं होतं. सर्चमध्ये बॅच नंबर टाकला की काहीच येईना.

बॅच जुनी होती. वेअरहाउसमध्ये आलेल्या मालाच्या नोंदींचा आमच्या सर्च इंजिनात दर महिन्याला वेगळा इंडेक्स बनतो. पुस्तकाच्या शेवटी सूची असते, तसाच. जुने इंडेक्स आम्ही तेव्हा बंद ठेवायचो. डेटा डिस्कवर राहतो, मेमरी खात नाही, पण सर्चमध्ये दिसत नाही.

"सगळे उघडले तर मेमरी पुरणार नाही, सर. चालू सर्चही बसेल."

"बसू दे."

"मग आज कुठला बॉक्स कुठल्या गाडीत चढला, तेही कळणार नाही."

माल कुठल्या महिन्यात आला होता, ते विचारायला मॅडमनी भोसरीच्या सप्लायरला फोन लावला. माल दिवाळीच्या आदल्या महिन्यातला निघाला. मी तेवढाच इंडेक्स उघडला. स्क्रीनवर त्याच्यापुढचा ठिपका आधी लाल, मग पिवळा झाला.

"पिवळा का?" सरांनी विचारलं.

"मूळ प्रत उघडलीय. दुसऱ्या सर्व्हरवरची जोडप्रत अजून यायचीय. शोधायला चालतं."

रॅक सापडला. मॅडम धावत गेल्या आणि तशाच परत आल्या. रॅक रिकामा होता. गाडीत माल चढल्याच्या नोंदीत बॅच नंबर नसतो, म्हणून मी चालू सर्चमध्ये रॅक नंबर टाकला. बॉक्स सकाळीच नाशिकच्या गाडीत चढले होते.

मॅडमनी ड्रायव्हरला स्पीकरवर घेतलं. "काका, कुठवर पोचलात?"

"कुठं पोचतोय, मॅडम? चाकणचा चौकच सुटला न्हाई अजून."

मॅडम खाली बसल्या. "गाडी फिरवा, काका."

"फिरवायला जागा तर पायजे!"

गाडी संध्याकाळी परत आली. बॉक्स सगळे मिळाले. सरांनी रिपोर्टमध्ये 'टीमचा तत्पर प्रतिसाद' असं लिहिलं. ट्रॅफिकचा उल्लेख नव्हता.

आता इंडेक्स जुना झाला म्हणून आम्ही बंद करत नाही. त्यातला माल रॅकवरून हलला का, ते आधी बघतो. चौकात दर वेळी जाम असेलच असं नाही. म्हणजे, असतोच. पण सिस्टिम त्याच्या भरवशावर चालवता येत नाही.