ओल्या फडक्यातले वाल

रोह्याच्या एका कंपनीत मी उभी हयात कच्चा माल तपासला. ड्रमवर बॅच नंबर नसेल तर ट्रक गेटबाहेरच. ड्रायव्हर हातापाया पडला तरी मी ऐकायचो नाही. नाकाने कांदे सोलणारा म्हणून शिफ्टमध्ये माझी ख्याती होती आणि मला तिचा माज होता. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे माझी कीव करायला नको.

पेणजवळच्या गडब गावात माझी आत्या एकटी राहायची. भात निघालं की त्याच शेतात वाल लावायची. बियाणं कुणीही देवो, वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून कितींना मोड येतात ते बघितल्याशिवाय पेरायची नाही. सख्ख्या भावाचंसुद्धा. फक्त मी रोह्याहून नेलेलं बियाणं ती तसंच पेरायची. तपासणारा भाचा ना!

एका पावसाळ्यात तिचे गुडघे धरले. शिफ्टमधला एक जण ताकदीची पावडर विकत होता, निव्वळ जडीबुटीची म्हणे. मी डबा नेऊन दिला. तिने बोटावर घेऊन चाखली नि विचारलं, "यात काय हाय? तू तपासलंस ना?"

"व्हय आत्या, तपासलंय."

कसलं डोंबलाचं तपासलंय! मी डबा उलटा करूनसुद्धा पाहिला नव्हता.

पंधरवड्यात ती बांधावरून झपझप चालायला लागली आणि मी गावभर मिरवून घेतलं. मग तिचा चेहरा सुजला, साखर चढली. पेणला डॉक्टरांनी डबा मागितला, तेव्हा मी लेबल पहिल्यांदा वाचलं. बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, आत काय आहे तेही नाही. डॉक्टर म्हणाले, यात स्टेरॉइड मिसळलेलं असणार, ते एकदम बंद करता येणार नाही, आता गोळ्या देऊन डोस हळूहळू उतरवावा लागेल. आत्या उलट त्यांनाच समजावू लागली, की भाच्याने तपासून दिलंय, त्यात वाईट काय नसणार. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आत्या, मी नव्हतं तपासलं," मी म्हणालो.

ती डॉक्टरांकडे वळली नि गोळ्या कधी घ्यायच्या ते विचारू लागली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

सावरायला तिला दिवाळी उजाडली. भात कापून झाल्यावर मी नेहमीसारखं वालाचं बियाणं घेऊन गेलो. तिने चहा दिला, घरच्यांची चौकशी केली. मग पिशवीतून वीस दाणे काढले, फडकं भिजवलं नि माझ्यासमोरच गाठ मारली.