मोरोक्कोची पुदिनावाली

गोरक्षनाथ मूळचा जामखेडचा. नगरला सावेडीत त्याचा फोटो स्टुडिओ, आणि न सांगताच चेहरा उजळून देणारा म्हणून त्याचं नाव. लग्नाच्या अल्बममध्ये नवरी सावळी दिसली, की सासरचे आणि माहेरचे मिळून त्याच्याच अंगावर यायचे. मग हाताला सवयच जडली.

आणि घरची लेक, संस्कृती, सावळी. स्थळांना पाठवायचा तिचा फोटो त्यानं स्वतः उजळला. पाहुणे यायचे, पोहे खायचे, एकदा फोटोकडं, एकदा पोरीकडं बघायचे आणि "कळवतो" म्हणून निघून जायचे. गोरक्षनाथ दर वेळी पाहुण्यांनाच शिव्या घालायचा. बापाचं डोकं, दुसरं काय!

यंदा ओळखीचे एक डॉक्टर मोरोक्को फिरून आले. प्रदर्शन भरवायचं म्हणून त्यांनी फोटो मोठे छापायला दिले. निळ्या गल्ल्या, केशरी झगे, उन्हात वाळत घातलेलं पिवळं कातडं. आणि एका निळ्या भिंतीशी पुदिन्याच्या जुड्या घेऊन बसलेली काळीभोर बाई, कॅमेऱ्याकडं बघून तोंड भरून हसणारी. गोरक्षनाथनं मोठ्या मायेनं तिलाही उजळलं.

छापलेला फोटो बघून डॉक्टर चिडले. "अहो, हिला काय स्थळं बघायचीत का? हिचा हा रंग बघूनच तर मी तिथं थांबलो होतो!"

गोरक्षनाथ वरमला. त्यानं मूळ फोटो पुन्हा उघडला. स्वतःच्या रंगात ती बाई काय देखणी दिसत होती!

संध्याकाळी घरी जाताच त्यानं संस्कृतीला गच्चीवर उभं केलं, फोटो काढला आणि काहीही न बदलता मोबाईल तिच्या हातात दिला.

"बघ, लई ग्वाड दिसतीस. आता ह्योच पाठवू."

तिनं एकदाच पाहिलं. "पप्पा, उजळ करून द्या."

"आगं, पन का? हाय तशीच चांगली हायेस की."

"लहानपणापासून माझा एक तरी फोटो तुम्ही आहे तसा ठेवलात का?" आवाज न चढवता ती म्हणाली. "वाढदिवसाचे, शाळेचे, सगळे गोरे. मी आवडले असते तर ठेवला असतात ना एखादा."

तिनं मोबाईल त्याच्या हातात परत दिला आणि पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, इथं गालाजवळ जरा जास्त करा.