मोरपंखी कोटांचं वर्ष

धुळ्यात आमचं शिवणकामाचं दुकान होतं आणि गावातल्या सगळ्यात जुन्या बँडचे कोट आमच्याकडे शिवले जायचे. त्यामुळे बँडचे जेवढे म्हणून भक्त होते, ते संध्याकाळी आमच्याच बाकावर येऊन टेकायचे. वाद ठरलेला. बँडचा कुठल्या वर्षीचा दौरा भारी?

दौरा म्हणजे लग्नसराई. तुळशीचं लग्न लागलं की बँड निघायचा. शिंदखेडा, साक्री, पिंपळनेर, तिकडे जळगावच्या अंगाला नशिराबादपर्यंत वाजवत आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, विसावायचा. मालक हौशी. दर हंगामाला कोटांचा रंग बदलायचे. म्हणून आमच्या बाकावर वर्षं रंगांनी ओळखली जात. लाल वर्ष, पांढरं वर्ष, निळं वर्ष. पांढऱ्या वर्षाचं नाव निघालं की माझे वडील, म्हणजे नाना, कपाळाला हात लावायचे. हळदीच्या मांडवात पांढरे कोट घालून जायची अक्कल कुणाची होती कोण जाणे.

समोरचे चहावाले काका लाल वर्षाचे. त्या वर्षी पिंपळनेरच्या एका लग्नात क्लॅरिनेटवाल्या मास्तरांनी पाठवणीला असं काही वाजवलं, की वरपक्षच रडायला लागला, असं ते सांगायचे. दर वेळी रडणाऱ्यांत एकदोन माणसं वाढायची. गल्लीतल्या दवाखान्याचा कंपाउंडर निळ्या वर्षाचा. निळ्या वर्षी बँडच्या गाडीवर भोंगे चढले आणि कीबोर्ड आला. हा पठ्ठ्या बँड ऐकायला वाटेल त्या लग्नात घुसायचा. मुलीकडचे त्याला मुलाकडचा समजत, मुलाकडचे मुलीकडचा, आणि दोन्हीकडचे आग्रहाने वाढत.

मीही निळ्या वर्षाची. बारावी झालेली, दिवसभर काजं-बटणं करणारी, आणि बोलायला लागले की थांबायचं ठाऊक नसलेली. वडीलधारे बोलत असताना आपण मान खाली घालून बटण लावावं, एवढं साधं मला कधी जमलं नाही.

मास्तर स्वतःही कधीमधी येऊन बाकाच्या टोकाला बसत. शिंदखेड्याकडचा माणूस, बोलणं सगळं अहिराणी. आपल्यावरून चाललेलं भांडण शेजाऱ्याच्या शेताचं असावं तसं ऐकायचे आणि कुठलं वर्ष भारी ते विचारलं तर पान चघळत हसायचे.

एका संध्याकाळी मास्तर नव्हते, पण मालक होते. वाद तापला आणि माझी गाडी सुटली. म्हटलं, "काका, त्या कीबोर्डमध्ये क्लॅरिनेटचं बटण आहे. ते दाबलं की सूर हजर. मग मास्तर हवेत कशाला?" चहावाले काका कप आपटून निघून गेले. कंपाउंडर खूश. मालकांनी बशीतला चहा संपवला आणि उठले.

आठ दिवसांनी मालकांनी सुरतेहून आणलेलं मोरपंखी कापड दुकानात टाकलं. "सतरा कोट," ते म्हणाले.

गेल्या वर्षी अठरा होते. नानांनी वर पाहिलं. मालक दाराकडे बघत म्हणाले, "मास्तर माप द्यायला आले तर तुम्हीच सांगा नाना. कीबोर्डवर भागतं आता. इतक्या वर्षांचा माणूस, मला तोंड उघडायला नाही जमणार." आणि गेले.

नानांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दाब आता बटण," एवढंच म्हणाले. मला आयुष्यात पुष्कळ बोलणी बसली आहेत, पण इतकी झोंबलेली दुसरी नाही.

दोन दिवसांनी मास्तर आले. टोपी काढून, हात पसरून मापाला उभे राहिले. मी वही घेऊन बसले होते, पण पेन्सिल धरवेना. नाना टेपला हात लावतील तर शपथ. सांगायचं तर तेही त्यांना जमेना. शेवटी म्हणाले, "मास्तर, तुमचं माप माझ्या हाताला पाठ आहे. बसा, चहा घ्या." मास्तर बसले, चहा प्याले, कापडाचा रंग चांगला आहे म्हणाले आणि गेले.

"आता?" मी विचारलं.

"आता शिवायचा."

"कापड कुठे आहे? सतराचंच तर आहे."

नानांनी खडू उचलला. कोटाच्या शिलाईच्या आत दोन बोटं कापड जादा ठेवतात, त्याला माया म्हणतात. माणूस पुढे अंगाने भरला तर तेवढं उसवून कोट सैल करता येतो. नानांनी सतराच्या सतरा कोटांतली माया काढून टाकली. काखेतले बाहीचे मुंढे आखडले. घेर आवळला, लांबी बोटभर कमी केली. उभा जन्म सैल बेतणारा माझा बाप, त्या आठवड्यात कात्री चालवताना त्याच्या कपाळाला घाम होता. मास्तरांचा कोट मात्र त्यांनी जुन्या मापाने, सगळी माया ठेवून बेतला. त्याचं हातशिलाईचं काम मी केलं. कुणी सांगायची वाट पाहिली नाही.

हंगामातलं पहिलं लग्न शिंदखेड्याला होतं. चहावाल्या काकूंना घेऊन मी एसटीने गेले. लग्न कुणाचं ते आम्हा दोघींना ठाऊक नव्हतं. मारुतीच्या पाराजवळ बँड रांगेत उभा राहिला आणि मधोमध मास्तर, मोरपंखी कोटात, क्लॅरिनेट पुसत. मालक रांगेवरून नजर फिरवत आले आणि त्यांच्यासमोर थबकले. त्यांना वाटलं होतं, नानांनी सांगून टाकलं असेल. शे-दोनशे वऱ्हाडी बघत होते. मालकांनी कोटाकडे पाहिलं, मग जमिनीकडे, आणि हात वर करून इशारा दिला. वाजायला लागलं.

आणि काय सांगू, बँड ओळखूच येईना. खुळखुळेवाला हा आमच्या बँडचा नटवा, हात डोक्यावर नेऊन कमरेत वाकायचा. त्याची कोपरं बरगड्यांना चिकटलेली. ढोलवाल्याचा हात वर जाईना, म्हणून टिपरू खालूनच, हलकं पडत होतं. सगळंच कसं बेताबेताने. त्यामुळे झालं असं, की क्लॅरिनेट स्पष्ट ऐकू येऊ लागलं, पार मांडवाच्या मागे चुलखंडापर्यंत. स्वयंपाकाच्या बाया हातातली पोळी तशीच धरून ऐकत होत्या. मी निळ्या वर्षाची कट्टर, मी गप्प झाले.

त्यानंतर हंगामभर आमच्या बाकावर दुसरा विषय नव्हता. कंपाउंडर सगळीकडे फिरून, जेवून आला आणि म्हणाला, "यंदा बँडला समज आली. तो खुळखुळेवाला बघा, पूर्वी नुसता थिल्लरपणा. आता कसं मोजून वाजवतो." चहावाले काका म्हणाले, हे संयमाचं वादन आहे, लाल वर्षापेक्षाही वरचं. त्यावर दोघांची जन्मात पहिल्यांदा एकी झाली. नाना मशीनवर वाकून बसलेले. मी हसू दाबताना दोनदा सुई टोचून घेतली.

आखाजी झाली आणि कोट दुरुस्तीला आले. सतरा कोट, एकूण एक मुंढ्यात उसवलेले. सोबत मालक. त्यांनी एक बाही उलटी केली, शिलाई बोटाने चाचपली. आत माया नव्हती. दुसरा कोट पाहिला, तिसरा पाहिला. नाना खाली बघत मशीनला तेल घालत होते. तेवढ्यात मास्तर आले. आपला कोट नीट घडी घालून आणलेला होता.

"बठ्ठासना कोट काखमा फाटनात," ते म्हणाले. "मना एकलाना धड कसा? नाना, मी काय येडा शे का?"

मास्तरांनी कोट फळीवर ठेवला आणि नानांकडे सरकवला. "हाऊ उसवा. त्यासना काखमा लावा."

मला राहवलं नाही. मालकांच्या देखत सगळं ओकून टाकलं. बटणाचं मीच बोलले होते, माझ्यामुळे हे झालं, मास्तर, मला माफ करा, असं काहीबाही, आणि रडले. मास्तर म्हणाले, "बेटी, मी भी दाबी पाह्यं ते बटन. चांगलं वाजस."

हे त्यांनी इतक्या सरळपणे म्हटलं की मला आणखीच लाज वाटली.

मालकांच्या हातात अजून ती उलटी बाही होती. त्यांनी ती सुलटी केली, कोट गठ्ठ्यावर ठेवला. "नाना," ते म्हणाले, "पुढल्या हंगामाला अठरा. कापड मी भरपूर टाकतो, पोरांना हात हलवू द्या. आणि मास्तरांचं माप आत्ताच घ्या. परत तुम्हाला पाठ असायला नको." मास्तरांचा घडी केलेला कोट त्यांनी उचलून मास्तरांच्याच हातात दिला आणि बाकावर टेकले.

नाना उठले. टेप मास्तरांच्या छातीभोवती घातली आणि मला म्हणाले, वही घे. बत्तीस. मास्तर किती वाळले होते ते तेव्हा कळलं. पण फुंकून वाजवणाऱ्याचं माप तेवढ्यावर लिहायचं नसतं. श्वास भरून घ्यावं लागतं, नाहीतर पहिल्याच लग्नात बटणं उडतात.

"भरा श्वास," नाना म्हणाले.

मास्तरांनी डोळे मिटले. नानांच्या चिमटीतून टेप सरकायला लागली. तेहेतीस. चौतीस. मालक बाकावरून उठून उभे राहिले. पस्तिसाला नानांनी विचारलं, "लिहायचं?" मास्तरांना बोलता येत नव्हतं. त्यांनी एक बोट वर केलं, थांबा म्हणून, आणि आणखी भरला.