टीचरांच्या पडवीतली रेंज

आमच्या वाडीत मोबाइलला रेंज मिळायची ती एकाच ठिकाणी, टीचरांच्या मागच्या पडवीत. वाडी खोलगट जागी, दोन्ही बाजूंना डोंगर आणि मध्ये भाताचे कुणगे, म्हणजे लहान खाचरं. टीचरांचं घर उतारावर, सगळ्यांच्या वर. पलीकडच्या गावातल्या टॉवरचा थोडासा सिग्नल त्यांच्या पडवीच्या कोपऱ्यापर्यंत पोहोचायचा. कोपरा सोडून जरा इकडे सरकलं की बोलणं तुटायचं. म्हणून तिथे एक प्लास्टिकची खुर्ची कायमची मांडलेली असे.

टीचर म्हणजे निवृत्त शिक्षिका. वाडीतलं एकमेव ख्रिस्ती घर त्यांचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा कुवेतला. आम्हा सगळ्यांना शाळेत त्यांनीच इंग्रजी शिकवलं, त्यामुळे आमच्याबरोबर आमचे आईवडीलही त्यांना टीचर म्हणत.

मी तेव्हा मुंबईहून गावी परत आले होते. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं आणि तिच्याजवळ कोणीतरी हवं होतं. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारतींची ड्रॉइंग्ज करते. साहेब म्हणाले, गावाहून काम कर, फक्त फाइली वेळेवर येऊ देत. काम घरी व्हायचं, पण फाइल पाठवायला लॅपटॉप काखेत मारून टीचरांकडे चढावं लागे. एक ड्रॉइंग जायला कधीकधी अख्खी दुपार लागायची. फोन त्या कोपऱ्यात, मी खांबाला टेकून जमिनीवर, आणि मध्येच कोणी बोलायला आलं की खुर्ची त्यांची.

त्यामुळे वाडीतली बहुतेक बोलणी माझ्या कानावर पडली. जमिनीच्या वाटण्या, बाळंतपणाच्या बातम्या, मुलगी बघायला कधी येता ते. मालवणीत बोलायचं म्हणजे मोठ्यानेच बोलायचं, आणि फोनवर तर आणखीच. आपलं बोलणं कोणी ऐकतंय याचं कोणाला काही वाटत नसे. सगळ्यांचं सगळ्यांना माहीतच होतं.

फक्त शेजारची वहिनी हळू बोलायची. तिचा नवरा जहाजावर खलाशी. जहाज बंदराला लागलं की त्याचा फोन यायचा, आणि तो कधी येईल हे आधी कळायला मार्ग नसे. वहिनी अंदाजाने येऊन बसून राहायची. एकदा फोन आला आणि बोलता बोलता तिचा आवाज इतका खाली गेला की मी लॅपटॉपमध्ये तोंड खुपसलं. तेवढ्यात आतून शिवणयंत्राचा आवाज सुरू झाला. टीचरांचं ते पायाचं जुनं यंत्र चांगलंच खडखडायचं. वहिनीचं बोलणं त्यात बुडून गेलं.

मी पाणी प्यायला आत गेले. टीचर यंत्रावर बसून पाय मारत होत्या. सुईत दोरा नव्हता आणि सुईखाली कापडही नव्हतं. मी बघतेय हे त्यांनी पाहिलं.

"पाणी माठात आसा," त्या म्हणाल्या, आणि पाय मारतच राहिल्या.

नंतर टॉवरची गोष्ट निघाली. कंपनीची माणसं येऊन डोंगर बघून गेली आणि त्यांना पसंत पडली ती टीचरांची काजूची बाग, घराच्या मागचीच. ग्रामसभेत त्यावर बरंच बोलणं झालं. माझे काका उभे राहिले. त्यांची आंब्याची कलमं बागेच्या खालच्या अंगाला आहेत.

"टॉवर इलो की मोहर जळतलो," काका म्हणाले. "जबाबदारी कोण घेतलो? कंपनी?"

कंपनीचा माणूस प्रमाण मराठीत समजावत होता, की असं काही होत नाही. कोणी म्हणालं पाखरं मरतील, कोणी म्हणालं डोकेदुखी लागेल. टीचरांना भाडं मिळेल, अशी कुजबुजही मागच्या रांगेतून ऐकू आली. टीचर शेवटी उठल्या. त्या सभेत कधी बोलत नसत.

"तू मुलीचा लग्न खंयसून ठरवलंस?" त्यांनी काकांना विचारलं.

काका खाली बसले. ते लग्न टीचरांच्या पडवीतूनच ठरलं होतं, सगळ्यांच्या देखत.

"माझी हरकत नाही. जागा देते," मग त्या कंपनीच्या माणसाकडे वळून म्हणाल्या, शाळेतल्या आवाजात. त्यापुढे विरोध फारसा टिकला नाही. काका मात्र पुढचा मोहर येईपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत. मोहर नेहमीसारखा आला, थोडा गळला, थोडा टिकला, आणि काका पुन्हा बोलू लागले.

टॉवर उभा राहिल्यावरही बरेच महिने तो मुका होता. वीज जोडायची राहिली होती. मग एका सकाळी आई अंथरुणातूनच ओरडली, "गो, माजो फोन वाजता!" घरात फोन वाजलेला तिने पहिल्यांदा ऐकला होता. मावशीचा होता. दोघी काय बोलायचं ते न सुचून एकमेकींना आवाज येतो का एवढंच विचारत राहिल्या.

त्यानंतर मी टीचरांकडे जायची थांबले. ठरवून नव्हे. जायचं कारण उरलं नव्हतं, इतकंच. वाडीतल्या कोणालाच उरलं नव्हतं. मला अधूनमधून ती रिकामी पडवी आठवायची आणि वाटायचं की त्यांना आता घर खायला उठत असेल. एवढी वर्षं घरात माणसांची ये-जा, आणि आता कोणी नाही. आईजवळ तसं बोललेही.

"तर जाऊन ये," आई म्हणाली आणि डब्यात घावणे भरून दिले.

टीचरांच्या दाराला कुलूप होतं. परसात वाळत घातलेलं काही नाही, कोंबड्या नाहीत. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं. खाली वहिनीच्या अंगणात गेले, तर तिच्याकडे टीचरांच्या कोंबड्या दाणे टिपत होत्या.

"टीचर देवबागेक गेली, भैनीकडे," वहिनी म्हणाली. "तुका ठावक नाय? गेल्या म्हयन्यात पण गेलेली."

घावणे आम्ही दोघींनीच खाल्ले.

टीचर परत आल्यावर मी पुन्हा गेले. चेहरा उन्हाने काळवंडला होता. बहिणीच्या घरी पर्यटक राहायला येतात, त्यांना फिरवायच्या होडीत बसून आपण खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन आलो, असं त्या सांगू लागल्या. मी मध्येच म्हणाले, "टीचर, माका वाटला, तुमका एकटा वाटत असतला. आता कोण येत नाय तर."

त्या माझ्याकडे बघून हसल्या.

"एकटा?" त्या म्हणाल्या. "गो बाय, लोकां फोन करूक येतली म्हणान इतकी वर्सां मी घराक कुलूप लावक नाय. भैनीच्या मुलाच्या लग्नाक सकाळी गेलंय आणि सांजेक परत इलंय. कोणाचो जहाजावरसून फोन येतलो, कोणाक दवाखान्यात कळवचा असतला. दार बंद ठेवन कसा चलतला? आता माका खंय पण जावक गावता."

मला हे कधीच सुचलं नव्हतं. आम्हाला त्यांची पडवी मिळाली होती, एवढंच मी धरून चालले होते. त्यांनी बांगडे तळले होते, ते जेवायला वाढले.

पुढच्या वर्षी आमच्याकडे विजेच्या खांबांवरून फायबरची केबलही आली. वाऱ्याने बांबू पडले की ती तुटते आणि जोडणारा माणूस कणकवलीहून येईपर्यंत टॉवरवर काम भागवावं लागतं. आईची तब्येत सुधारली, पण मी मुंबईला परत गेले नाही. टीचर नाताळात बहिणीबरोबर गोव्याला गेल्या आणि थेट फेब्रुवारीतला कार्निव्हल करूनच आल्या. परवा त्यांच्याकडे पुन्हा गेले तेव्हा त्या पासपोर्टच्या फोटोसाठी साडी निवडत होत्या. मुलाने कुवेतला बोलावलंय. दोन्ही साड्या त्यांनी खांद्यावर लावून दाखवल्या. मी निळी सांगितली. त्यांनी जांभळी ठेवली.