ताईपेक्षा वरचा हुद्दा

गेल्या हिवाळ्यात मी माझ्या थोरल्या बहिणीपेक्षा वरच्या हुद्द्याचं माणूस शोधत होतो. हुद्द्यांची मी आयुष्यभर थट्टा केली, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

ताई लष्कराच्या नर्सिंग सेवेतून कर्नल होऊन निवृत्त झाली आणि चंडीगडला आमच्याकडेच राहिली. दारावर दोन पाट्या आहेत. वरची पितळेची, तिची. खालची प्लास्टिकची, माझी. पोस्टमन वरचीच वाचतो. पाहुण्यांसमोर मी तिला मुद्दाम 'सिस्टर' म्हणायचो, कारण तिच्या खांद्यावरचे तारे वाढत गेले तरी खाटेवरचा जवान तिला शेवटपर्यंत सिस्टरच म्हणत होता. ती म्हणायची, "त्याला शोभतं. तू गप बस, सिव्हिलियन."

या सेवेचा इतिहासही तिनेच मला ऐकवला होता. इंग्रजांनी आपल्या गोऱ्या शिपायांसाठी विलायतेहून बायका आणल्या, मग महायुद्धाच्या धांदलीत वटहुकूम काढून इथल्या नर्सेसची वेगळी सेवा उभी केली. लेफ्टनंटपासून मेजर जनरलपर्यंत सगळे हुद्दे मिळाले. पण त्यांना सलाम ठोकायचा की नाही, यावर पुरुषमंडळी अजून घुटमळतात. "म्हणून आम्ही आपसांत हुद्दा फार कडक पाळतो," ती म्हणायची. मला हे विनोदी वाटायचं.

मग तिचा कॅन्सर हाडांत उतरला. छावणीतल्या लष्करी इस्पितळात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता फक्त वेदना कमी करता येतील. त्यांनी मॉर्फिन लिहून दिलं, रुग्णाने मागितलं तर.

ताईने मागितलं नाही.

रोज सकाळी एक लेफ्टनंट नर्स यायची, केरळची, नुकतीच भरती झालेली. पलंगापाशी ताठ उभी राहून विचारायची, "मॅडम, दर्द कितना है? ज़ीरो से दस?"

"दो."

"जी मॅडम."

बोलताना ताईची बोटं चादरीत रुतलेली असायची, कपाळावर घाम. पोरगी ते सगळं बघायची आणि 'दोन' लिहून जायची. मी तिला व्हरांड्यात गाठलं. "बेटा, आपको दिखता नहीं?"

"दिखता है, सर," ती रडकुंडीला आली होती. "पर मॅडम कर्नल हैं."

मी वॉर्डच्या मेजरबाईंकडे गेलो. त्यांनी ताईच्या हाताखाली काम केलं होतं, त्या तर आत जाऊन नुसत्या सावधान उभ्या राहिल्या आणि बाहेर आल्या. इस्पितळाच्या मेट्रन स्वतः कर्नल होत्या, म्हणून मला आशा वाटली. पण त्या ताईला ज्युनियर निघाल्या. डॉक्टरांचं ताई हसून ऐकून घ्यायची. तिच्या मते डॉक्टर लिहितो, रुग्णाला बघते ती नर्स.

मी सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत जन्मभर मोजमापाची उपकरणं बनवली. ताईला म्हटलं, "तुझं रीडिंग चुकीचं आहे."

"रीडिंग मी देतेय ना?"

"ताई, घे ना ते इंजेक्शन. कोणासाठी सोसतेस?"

ती मग म्हणाली, "सुरुंगात पाय गेलेला पोरगा मला सहा सांगायचा रे. मी आठ कुठल्या तोंडाने सांगू?"

माझ्याकडे हुद्दा असता तर उत्तराची गरजच पडली नसती.

शेवटी मला तिच्या जुन्या ब्रिगेडियरबाई आठवल्या. निवृत्त होऊन पंचकुल्यात राहायच्या, वय ऐंशीच्या पुढे. माणूस निवृत्त होतो, त्याचा हुद्दा होत नाही, ही माझी आवडती थट्टा होती. मी फोन केला. त्या काठी टेकत, ब्लेझर घालून आल्या. वॉर्डातल्या सगळ्या पोरी भिंतीला लागल्या. ताईने त्यांना पाहिलं आणि दोन्ही हात अंगालगत सरळ केले. पडल्या पडल्या सावधान. त्या हालचालीने तिला काय झालं ते मी पाहिलं.

"कर्नल, पेन स्कोअर?"

"टू, मॅडम."

"फिर से बताओ."

ताईने छताकडे पाहिलं. "एट, मॅडम."

"इंजेक्शन लोगी. पूरा. जब भी ये बच्ची दे."

"येस, मॅडम."

लेफ्टनंटने तिथेच सुई दिली. ब्रिगेडियरबाई जाताना माझ्याकडे वळल्या. "अब बात नहीं करेगी ज़्यादा. पता है ना आपको?" मी मान हलवली. मला ठाऊक नव्हतं.

बोटं चादरीतून सुटली, कपाळ कोरडं झालं. आता ती बहुतेक वेळ झोपलेली असते. किती दिवस उरलेत, ते डॉक्टर आता सांगत नाहीत. मी घरून आणलेला जेवणाचा डबा उघडतो, थोडा वेळ बसतो, पुन्हा बंद करतो. मध्येच तिची पापणी हलते.

"ताई, पाणी देऊ?"

"येस, मॅडम."

"ताई, मी आहे गं. सिव्हिलियन."

"येस, मॅडम."

गप बस म्हणेल, म्हणून मी थोडा थांबतो. मग चमच्याने पाणी पाजतो.