आण्णांच्या काळजातली केसिंग

आजारी माणसाला भेटायला येणारे सफरचंदं आणतात. ती आठवड्यात संपतात, किस्से मात्र साठत जातात. आण्णांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या, स्टेंटचे तर इतके साठलेत की वर्गात 'हजर'सुद्धा हळू म्हणणारी मीही ते सांगत सुटते!

*

सांगलीला डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं. मनगटातून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची. अरुंद झालेल्या रक्तवाहिनीत फुगा फुगवायचा. फुग्यावरची जाळी, म्हणजे स्टेंट, उघडते. फुगा बाहेर येतो, जाळी आतच राहते आणि वाट उघडी धरते.

"म्हंजे बोअरची केसिंग! माती ढासळू ने म्हणून आत पाइप घालतोय तशी!" आण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पुढच्या पेशंटला तुम्हीच समजवा!"

*

भूल फक्त मनगटापुरती. त्यामुळे आण्णा टेबलावरून स्क्रीन बघत होते. ब्लॉक दिसला आणि ते ओरडले, "डॉक्टर, पाइप दुरुस्त करायच्या आदी पाण्याचा मेन वॉल बंद करा की!"

"आण्णा, मेन बंद केला तर तुम्हीच बंद व्हाल!"

हे डॉक्टरांनीच बाहेर येऊन हसत सांगितलं. तेव्हा कुठे आम्ही श्वास सोडला.

*

आजीला कुणीतरी 'स्प्रिंग बसवली' म्हणून सांगितलेलं. घरी येताना प्रत्येक स्पीडब्रेकरला ती ओरडायची, "सावकाश रं, आत स्प्रिंग हाय!"

इस्लामपूर आलं तसा ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, गाडीलाबी हायत. त्याबी जपतोय!"

*

डेअरीसमोरच्या कट्ट्यावर आण्णा रुबाबात गेले. "मला स्टेंट बसवला."

कट्ट्यावर रोज बसणारे बापूनाना जागचे हलले नाहीत. "एकच? मला तीन हायत. बस तिकडं कडंला!"

*

मग आण्णांनी गोळ्या बंद केल्या. नव्या जाळीवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून एक दिवसही चुकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दोन गोळ्या मला तुळशीच्या कुंडीत सापडल्या!

"केसिंग बसली. आता औशद कशाला?" आण्णांचं एकच. आई चिडली, आजी रडली.

मी भीत भीत विचारलं, "आण्णा, शेतातल्या ठिबकची नळी चांगली असली तरी तुम्ही त्यात ॲसिड का सोडता?"

"क्षार धरू ने म्हणून. धरला की पानी बंद."

मी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

आण्णांनी मूठ मिटली. मग म्हणाले, "तांब्या आण."

*

परवा ताईला बघायला कराडचे पाव्हणे आले. जेवणं झाली, पसंतीही जवळजवळ झालीच होती. आण्णांनी ढेकर दिला आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून मला हाक मारली,

"पोरी, माझं ॲसिड आण गं! आन् पाव्हण्यांस्नीबी इचार, कुनाला लागतंय का!"